आकडे पुण्याचे, हवा जैसलमेरची

प्रकरण थोडक्यात असं. पुण्यातल्या एका सोसायटीतली अकरा माणसं, वयं ५८ ते ७६, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सात दिवस जैसलमेरला गेली. हवा सगळा आठवडा छान होती. भाजणारं ऊन नाही, वादळ नाही, पाऊस नाही, पेपरात बातमी यावी असं काहीच नाही. तरी एका वहिनींना किल्ल्यात भोवळ आली, एका काकांचा दमा पहाटे चार वाजता उसळला आणि उरलेल्यांतले निम्मे शिंकत पुण्यात उतरले. हवेचा अंदाज मी दिला होता. तो चुकला नाही. म्हणूनच हे लिहायला घेतलं.

मी शाळेत भूगोल शिकवला, एकतीस वर्षं. आठवीची पोरं घेऊन कितीदा तरी शिमला ऑफिसला गेले असेन. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, तेव्हापासून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आणि पुढे चौकालाही ते नाव चिकटलं. नव्या पोरांना वाटतं तिथे सिमल्याच्या सहलींचं बुकिंग होतं. तर अशी मी बाई असल्यामुळे सोसायटीत हवेचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात, आणि मलाही ते आवडतं. या प्रकरणात माझ्या या आवडीचा वाटा मोठा आहे.

ठरलं कसं

सहल आधी ऑक्टोबरात निघणार होती. ती मी पुढे ढकलली, आणि तो निर्णय आजही मला बरोबरच वाटतो. पश्चिम राजस्थानातून मोसमी पाऊस देशात सगळ्यात आधी माघार घेतो, साधारण १७ सप्टेंबरला. त्यानंतर आकाश मोकळं, जमीन कोरडी आणि सूर्य अजून बऱ्यापैकी डोक्यावर, त्यामुळे जैसलमेरचं ऑक्टोबरातलं दुपारचं सरासरी तापमान ३६ च्या आसपास असतं. पुण्यातल्या ऑक्टोबर हीटनं कुरकुरणाऱ्या मंडळींना तिकडे नेणं म्हणजे तव्यावरून चुलीत.

मग दिवाळीनंतर पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बैठक झाली, तेव्हा मी एका वहीच्या पानावर दोन रकाने आखले. नोव्हेंबर, पुणे: दुपारी ३० च्या आसपास, पहाटे १५. नोव्हेंबर, जैसलमेर: दुपारी ३१ च्या आसपास, पहाटे १४-१५. पान हातोहात फिरलं. बँकवाले काका म्हणाले, "अहो बाई, म्हणजे हे आपलंच पुणे की!" कुणीतरी "गुलाबी थंडी" म्हणालं आणि तो शब्द मग सहलीचं नावच होऊन बसला. माणशी एक स्वेटर, बायकांना एक शाल, कानटोपी ऐच्छिक, असं सामान ठरलं. ते पान मी जपून ठेवलंय. त्यातला एकही आकडा खोटा नाही.

त्या पानावर काय नव्हतं ते आता सांगता येतं. पहिलं म्हणजे, हे आकडे सावलीतले असतात. वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून चारेक फूट उंच, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. सहलीला गेलेला माणूस पेटीत नसतो. दुसरं, हवेत पाणी किती हे रकान्यात कुठेच नव्हतं. तिसरं, महिन्याची सरासरी ही तीस रात्रींची असते, आणि आम्ही त्यातल्या सहाच रात्री तिथे राहणार होतो. ही तिन्ही वाक्यं मी वर्गात फळ्यावर लिहिलेली आहेत. वर्गात ती परीक्षेसाठी होती.

पहिले तीन दिवस

जोधपूरहून आगगाडीनं गेलो. फलोदी स्टेशन आलं तेव्हा माझ्यातली बाई जागी झाली. १९ मे २०१६ ला इथेच ५१ अंश नोंदले गेले होते, भारतातला उच्चांक. सगळ्यांनी खिडकीतून आदरानं बाहेर पाहिलं. फलाटावर एक म्हातारा लोकरी पांघरूण गुंडाळून चहा पीत बसला होता, आणि ते पाहून डी विंगमधल्या वहिनी हसल्या. भर दुपारी हे काय!

जैसलमेर लहान गाव आहे, २०११ च्या जनगणनेत पासष्ट हजारांच्या घरात. हॉटेलच्या गच्चीवरून सगळं दिसतं: किल्ला, त्याच्या पायाशी पिवळ्या दगडाची घरं, आणि त्यापलीकडे काहीच नाही. या गच्चीवर सावलीच्या कोपऱ्यात मी माझा तापमापक टांगला. पहिल्या सकाळी १४, दुपारी ३०. पान बरोबर निघालं. मी ते सगळ्यांना चहाच्या वेळी ऐकवलंही.

दोन गोष्टी मात्र त्याच दिवशी डोळ्यांसमोर होत्या. पुण्यात नोव्हेंबरात सकाळी १४-१५ असलं की स्कूटरची सीट पुसल्याशिवाय बसता येत नाही, इतकं दव पडतं. इथे हॉटेलबाहेरच्या जीपची काच कोरडी ठणठणीत होती. आणि माझ्या खोलीतल्या बाईंनी रात्री धुतलेली सुती साडी, पंखा न लावता, झोपायच्या आत वाळली. त्यांनी कौतुक केलं, मीही केलं. कौतुक करून आम्ही झोपलो.

दुसऱ्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. तापमापकाच्या टोकाला ओल्या कापडाची चिंधी गुंडाळून वहीनं वारा घातला. कोरडा ३०, ओला १७. तेरा अंशांचा फरक! पुण्यात परतल्यावर तशाच दुपारी गॅलरीत हेच केलं तेव्हा ओला २० च्या थोडा वरच थांबला. पुण्याची नोव्हेंबरातली दुपारही कोरडीच असते, पण हा तीन अंशांचा जास्तीचा फरक म्हणजे चिंधीतलं पाणी तिकडे किती वेगानं उडतंय याचं माप. माठ गार होतो त्याच कारणानं चिंधी गार होते. आणि माणसाची कातडीही.

वहिनींचं प्रकरण इथून सुरू होतं. तिसऱ्या दिवशी आम्ही किल्ल्यात गेलो. ११५६ मध्ये रावळ जैसलनं वसवलेला हा किल्ला अजून नांदता आहे. आत घरं आहेत, दुकानं आहेत, गल्लीत वाळत घातलेले पापड आहेत. तीन तास चढउतार झाला. कुणाच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. "पुण्यात पर्वती चढले तरी भिजते मी," असं वहिनी स्वतःच म्हणाल्या, आणि वीसेक मिनिटांनी जैन मंदिराच्या पायरीशी भिंत धरून खाली बसल्या. डोळ्यांपुढे अंधारी, ओठ पांढरे.

घाम येत नव्हता असं नाही. तो दिसायच्या आत उडून जात होता. शरीरातलं पाणी जातंय ही खूण आपण कपाळावर आणि पाठीवर शोधतो, आणि ती खूणच तिथे पुसली गेली होती. पण एवढ्यानं कुणी बसत नाही. सावलीत आडवं करून मीठ-साखरेचं पाणी पाजल्यावर, अर्ध्या तासानं त्या बोलत्या झाल्या तेव्हा बाकीचं कळलं. सकाळपासून त्यांनी अर्धी बाटली पाणी प्यायलं होतं. तहान लागली नाही म्हणून नव्हे. "तिथे बाथरूम कुठे असेल काय माहीत," म्हणून. शिवाय बीपीची त्यांची गोळी लघवी वाढवणारी. मग मी बाकीच्या बायकांना एकेकटीला विचारलं. सात जणींपैकी पाच जणींचा हिशोब तोच होता. माझाही.

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात हवेपेक्षा मोठं कारण हेच. कोरड्या हवेत पाणी जास्त प्या हे सगळ्यांना माहीत असतं, पण सहलीच्या कार्यक्रमात स्वच्छतागृहाचा थांबा लिहिलेला नसेल तर तो सल्ला फक्त पुरुषांसाठी असतो.

ढगाची रात्र

चौथ्या दिवशी सकाळी आकाशावर पातळ, पिंजलेल्या कापसासारखे ढग आले. उत्तरेकडून एखादा पश्चिमी चक्रावात सरकत असावा. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या या प्रणाली हिवाळ्यात हिमालयात बर्फ टाकतात. वाळवंटाच्या वाट्याला बहुतेक वेळा नुसते ढग येतात. दिवस मऊ गेला. गडीसर तलावावर सगळे खूश. रात्री गच्चीवर गप्पा झाल्या त्या स्वेटरशिवाय. दुसऱ्या दिवशी पहाटे तापमापक १८ वर होता.

या १८ नं आमचा घात केला. ढग असले की रात्री जमिनीची ऊब वर निसटत नाही, ढग ती परत खाली धाडतात. म्हणजे ती ऊब रात्रीची नव्हती, पांघरुणाची होती. आणि पांघरूण त्या सकाळी काढून घेतलं जात होतं. नऊ वाजेपर्यंत आकाश धुतल्यासारखं निळं झालं, वारा फिरून उत्तरेचा झाला आणि आमचा गाडीवाला वर न बघताच म्हणाला, "आज ठंड पड़सी, सा." मी मान डोलावली. चक्रावात पुढे सरकला की मागून उत्तरेची कोरडी, गार हवा येते, हे मी त्याला समजावूनही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. नंतर खाली जाऊन मी मंडळींना सांगितलं काय, तर पिशव्या हलक्या ठेवा, एकाच रात्रीचा प्रश्न आहे.

का सांगितलं? एक तर गाडीत जागा कमी होती. दुसरं, फोनवर जैसलमेरची रात्र १२ अंश दाखवत होती, आणि १२ म्हणजे पुण्यात डिसेंबरात मॉर्निंग वॉकला जातो ते. तिसरं म्हणजे आदल्या रात्रीची आठवण अंगात होती. माणूस सरासरीपेक्षा कालच्या रात्रीवर जास्त विश्वास ठेवतो, आणि भूगोलाची बाई त्याला अपवाद नाही.

दोघं जण शहरातच राहिले. बँकवाल्या काकांचा गुडघा धरला होता आणि त्यांच्या सोबतीला काकू. गच्चीवरचा तापमापक मी त्यांच्या हवाली केला आणि पिशवीतला दुसरा बरोबर घेतला. हा निव्वळ योगायोग, पण त्यामुळेच या प्रकरणाला तुलना मिळाली.

सम

समच्या वाळूच्या टेकड्या शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहेत. तिथे आसपास तंबूंचे तळ आहेत, त्यातल्या एकात आमची सोय होती. संध्याकाळ इतकी सुंदर होती की तिच्याबद्दल तक्रार करणं कृतघ्नपणाचं होईल. उंट, नाच, बाजरीची भाकरी, शेकोटी. सूर्य सहाच्या आत बुडाला आणि दहा मिनिटांत वाळूचा वरचा थर पायाला गार लागू लागला. पाय घोट्यापर्यंत आत खुपसला की खाली अजून ऊब. कोरडी वाळू उष्णता खाली जाऊच देत नाही. दिवसाची सगळी कमाई वरच्या चार बोटांत, आणि रात्र झाली की ती तेवढ्याच वेगानं आकाशात. पोरासारखे सगळे पाय खुपसून बसले. शेकोटीपाशी पोट भाजत होतं, पाठ गोठत होती. दहा वाजता वारा पूर्ण पडला.

वारा पडला म्हणून बरं वाटलं, तेही चुकीचंच. तळ दोन टेकड्यांमधल्या सखल जागेत होता, वाऱ्यापासून आडोसा म्हणून. निवांत, निरभ्र रात्री गार हवा जड होऊन उतारावरून अशाच जागी साचते, पाण्यासारखी. हवेत दमटपणा असता तर पहाटेआधी दव पडलं असतं, आणि दव पडताना थोडी उष्णता बाहेर पडते, त्यामुळे पारा उतरायचा वेग मंदावतो. पुण्याची नोव्हेंबरातली पहाट त्या दवावर थांबते. इथे दवबिंदूच, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागतं तोच, इतका खाली होता की थांबायला पायरीच नव्हती.

प्रत्येकाला एक रजई होती, पातळ. दोन वाजता मी साडीवर पंजाबी ड्रेस, त्यावर स्वेटर, त्यावर शाल असा अवतार केला होता. जास्तीच्या रजया मागितल्या तर संपल्या होत्या. चारच्या सुमारास शेजारच्या तंबूतून तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या श्वासाची शिट्टी ऐकू आली. थंड, कोरड्या हवेनं दमा उसळतो हे त्यांना माहीत होतं. पंप सदऱ्याच्या खिशात होता, हीच काय ती त्या रात्रीतली शहाणपणाची गोष्ट. दोन झटके घेतले. तरी खरा उतार पडला तो गाडीवाल्यानं त्यांना गाडीत बसवून हीटर लावल्यावर. तो स्वतः कांबळं पांघरून बाहेर उभा राहिला. त्यानं एकदाही "मी म्हणालो होतो" असं म्हटलं नाही, म्हणून मला जास्त लागलं.

तंबूच्या दोरीला टांगलेल्या तापमापकावर तेव्हा ७ होते. शहरातल्या गच्चीवर काकांनी सकाळी सहाला टिपलेले: १२. फोनवरचा अंदाज अगदी बरोबर होता, फक्त तो दिवसभर तापलेल्या दगडांच्या गावासाठी होता आणि आम्ही चाळीस किलोमीटर दूर एका खळग्यात झोपलो होतो. काका-काकूंनी रात्री एक पांघरूण घेतलं आणि सहालाच उठले, कारण गाढ झोप झाली होती.

अजून एक चूक बाकी होती. सूर्योदय बघायचा म्हणून सगळ्यांना साडेपाचला उठवायचं असं मीच ठरवलं होतं, पुण्याच्या सवयीनं. जैसलमेर पुण्याच्या बरंच पश्चिमेला आणि उत्तरेला आहे, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्या आठवड्यात पुण्यात सूर्य पावणेसातच्या आत उगवतो, तिथे सातनंतर. मावळतो मात्र दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी, त्यामुळे संध्याकाळी कुणाला फरक कळत नाही आणि सकाळी सगळ्यांना कळतो. रात्रीतला सगळ्यात गार काळ सूर्योदयाच्या आसपासचाच असतो. तो पूर्ण एक तास आम्ही सात जण टेकडीच्या माथ्यावर उभे राहून काढला. माथ्यावर पारा ९ होता, म्हणजे तंबूपेक्षा दोन अंशांनी जास्तच. तेवढं शास्त्र मी कुडकुडत ऐकवलं. ते कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

उरलेले दोन दिवस लिहिण्यासारखे नाहीत. कुलधरा हे ओसाड गाव गाडीतूनच पाहिलं. सुंठ-गूळ आणि वाफ.

नंतर काय बदललं

परत आल्यावर मी ते वहीचं पान काढलं आणि त्याशेजारी दुसरं लिहिलं. त्यात सरासरी नाहीच. वाळवंट संध्याकाळी बघायचं आणि झोपायला शहरात यायचं, ज्यांना तंबूच हवा त्यांनी स्वतःची गोधडी न्यायची. किल्ला सकाळी, बारा ते चार आत. टोपीपेक्षा पदर किंवा उपरणं बरं, कारण तिथला दुपारचा सूर्य त्या दिवसांत पुण्यापेक्षा आठेक अंश खाली असतो आणि टोपीखालून तोंडावर येतो. गाडी ठरवताना आधी स्वच्छतागृहाचे थांबे ठरवायचे, देवळं नंतर. आणि ढगाळ रात्रीनंतर आकाश उघडलं तर पिशवी जड करायची.

यातल्या शेवटच्या कलमावर बैठकीत वाद झाला. बँकवाले काका म्हणाले, "बाई, एवढं कोण लक्षात ठेवणार? सरळ जास्तच न्यावं." त्यांचं बरोबर आहे. मी ते कलम खोडलं नाही, पण खाली त्यांचंही वाक्य लिहिलं.

या नोव्हेंबरात दुसरी तुकडी निघतेय, नऊ जणांची. वहिनी त्यात आहेत, गोळीचं डॉक्टरांना विचारून झालंय आणि पाण्याची दोन लिटरची बाटली त्यांनी सर्वांदेखत विकत घेतली. तिसऱ्या मजल्यावरचे काकाही आहेत, आणि त्यांना तंबूतच झोपायचंय. डॉक्टरांची परवानगी, दोन गोधड्या, कानटोपी, पंप, असं सगळं त्यांनी मला आणून दाखवलं. मग जरा घुटमळून विचारलं, "बाई, सूर्य नक्की किती वाजता?"

सात वाजून पाच मिनिटं. त्यांच्या तिकिटाच्या मागे मी ते पेननं लिहून दिलंय.